श्रावणबाळाचे दीड हजार



नागपूरच्या महाल भागात बडकस चौकामागच्या गल्लीतलं जुनं घर. माडीचा जिना अरुंद, आजोबांचे गुडघे दुखरे. हात धरून त्यांना खाली आणायचं काम बहुतेक वेळा सुनेचं, नाही तर लेकीचं.

अशा घरांसाठी राज्य सरकारची श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजना आहे.
वय 65 पूर्ण हवं.
कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं.
मिळतात महिन्याला दीड हजार रुपये.

महिन्याला दोन हजारही न कमावणारं घर शहरात चालतं कसं, हे मर्यादा ठरवणाऱ्यांनाच ठाऊक!

पैसे थेट बँक खात्यात येतात. पण दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला, की अनुदान अडकतं. म्हणून पुन्हा एकदा: हयातीचा दाखला विसरू नका.

आणि सांभाळणारी सून? तिच्या हातात या योजनेतून काहीच पडत नाही. आईवडील आणि ज्येष्ठांच्या सांभाळाचा 2007 चा कायदा मुलानातवंडांवर जबाबदारी टाकतो, तिच्या श्रमाचं मोल मात्र धरत नाही.

ज्येष्ठांना आणखी थोडा आधार राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा. चष्मा, श्रवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा यांसाठी एकदाच तीन हजार मिळतात.

श्रावणबाळचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. आधार कार्ड, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.