एका प्रथिनाची वाटचाल



खामगाव, मेहकर वा सिंदखेडराजा, आपण कोठेही राहत असलात तरी आपल्या मेंदूतील चेतातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते, आणि त्याच्यामुळेच संदेश त्वरेने धावतो.

हे वेष्टन घडविणाऱ्या पेशींचे वर्णन स्पेनच्या रिओ-होर्तेगा यांनी 1921 साली केले.

अशी पेशी वाढत असताना तिच्यातील एकेक प्रथिन कोठे जाते?

सर्वच प्रथिने उजळली, तर नुसता उजेड दिसतो; म्हणून शास्त्रज्ञ मोजक्याच रेणूंना चमकती खूण लावतात, जणू शेगावच्या पालखीच्या गर्दीत एकाच वारकऱ्याच्या हाती कंदील द्यावा.

सूक्ष्मदर्शकाखाली तो ठिपका थरथरतो, सरकतो, मध्येच खिळतो.

ते खिळणे मला सर्वांत मोलाचे वाटते. कारण पेशी परिपक्व होताना मायलिन बेसिक प्रोटीन हे प्रथिन पेशीच्या पटलांच्या आतील बाजूस दाट जाळे विणून त्यांना घट्ट चिकटवते, आणि मोठ्या प्रथिनांना तेथे मज्जाव करते.

पुन्हा सांगतो: खूण मोजक्यांनाच, म्हणून माग एकेकाचा.

 

हा माग मोलाचा, कारण मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत मायलिनचे हेच वेष्टन झिजते, आणि ते पुन्हा घडविणाऱ्या नव्या पेशी पुष्कळदा अर्धवट वाढून थांबतात.