संथा, उजळणी आणि स्मृती

भक्तजनहो, वर्धापनदिनाच्या या मंगल प्रसंगी विचारास घेतलेला विषय नित्याचा, तरीही गूढ आहे. तो विषय म्हणजे स्मृती.

पाठशाळेत गुरुजी संथा देतात आणि विद्यार्थी ती ऐकून म्हणतो. परंतु खरा कस लागतो तो पोथी मिटल्यावर. पोथी समोर ठेवून शंभर वेळा वाचणाऱ्यास सर्व काही आले असे वाटते; पोथी मिटताच तो अडखळतो. अमेरिकेतील कार्पिके व रोडिगर यांनी २००८ साली हेच प्रयोगाने दाखविले. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द अर्थांसह शिकविले. ज्यांनी ते पुनःपुन्हा आठवून सांगितले, त्यांच्या ध्यानी आठवड्यानंतर शेकडा ८० च्या आसपास शब्द राहिले. ज्यांनी एकदा आठवल्यावर केवळ वाचनच चालू ठेवले, त्यांच्या ध्यानी शेकडा ३५ च्या आसपास.

विसरलेले सर्वस्वी नष्ट होते असेही नव्हे. जर्मन पंडित एबिंगहाऊस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, विसरलेली गोष्ट पुन्हा शिकावयास पहिल्याहून कमी श्रम लागतात. म्हणूनच उजळणी हा शब्द किती यथार्थ! भांडे तेच असते. केवळ घासावे लागते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. २००० साली नेडर, शेफ व लडू यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, जागी झालेली भीतीची आठवण काही काळ अस्थिर होते आणि मेंदूत नवी प्रथिने घडून ती पुन्हा पक्की व्हावी लागते. मनुष्याच्या सर्वच स्मृतींना हा नियम लागू आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि चुकीचे पुनःपुन्हा म्हटले तर चूकच दृढ होते, हा अनुभव प्रत्येक अध्यापकाचा आहे. यास्तव चूक होताच गुरुजी थांबवितात. जटापाठात दोन पदे सरळ, उलट व पुन्हा सरळ म्हणावयाची, ही योजनाही पाठाच्या रक्षणासाठीच. हार्टझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली २१ वैदिक पंडितांच्या मेंदूंची तितक्याच अन्य व्यक्तींशी तुलना केली, तेव्हा पंडितांच्या मेंदूच्या अनेक भागांत करडे द्रव्य अधिक आढळले. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा त्यांपैकीच एक.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले आणि तेथील कित्येक कुटुंबे रामनगरास आली. त्या गावाची पोथी आता पाण्याखाली आहे. पाठ तेवढा वृद्धांच्या मुखी उरला आहे. एकटा वृद्ध तीच हकीकत वर्षानुवर्षे सांगतो, तेव्हा ती टिकते खरी, पण नकळत पालटतेही. देवळाची वाट कोठून जात होती, विहीर कोणत्या अंगास होती, हे चारजण एकत्र बसून आठवतील, तर एकाची चूक दुसरा दुरुस्त करील. जी शिस्त वेदाच्या पाठास, तीच गावाच्या आठवणीस हवी.

ज्यांच्या घरी असे वृद्ध आहेत, त्यांनी त्यांना जुन्या शेजाऱ्यांसह एकत्र बसवावे, बोलते करावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. संथा देणारे आहेत तोवरच संथा घेता येते.

इति शम्।