डांबरगोळ्याचा मालक कोण?

पहाडगंजात उभं राहून समुद्रावर बोलतोय, सांभाळून घ्या. पण आपल्यातले बरेच जण मे महिन्यात गोव्याला जातात. कळंगुटच्या वाळूत चालताना तळपायाला काळं, चिकट काही लागलंय का? तेच डांबरगोळे. समुद्रात सांडलेलं तेल घट्ट होतं आणि नैऋत्येचे वारे सुटले की किनाऱ्याला लागतं. (साबणाने निघत नाही, खोबरेल चोळा.)

हे तेल कोणाचं? वर मुंबई हाय आहे, १९७४ साली सापडलेलं. बाहेरून आखाताचे टँकर जातात, आणि काही जण टाक्यांचं धुवण समुद्रातच सोडतात. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जाळं खराब होतं ते मच्छीमाराचं, आणि नाव कळल्याशिवाय त्याने भरपाई मागायची कोणाकडे?

तेलाच्या अंगावर मात्र खुणा असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात गाडल्या गेलेल्या जिवाणूंच्या पेशींचे अवशेष तेलात ‘होपेन’ म्हणून उरतात. सांडलेल्या तेलाचा हलका भाग उडून जातो, साध्या साखळीचे रेणू आजचे जिवाणू खातात. होपेन बराच काळ टिकतात. ‘ओलियानेन’ सापडलं तर त्या तेलाच्या जन्मात फुलझाडांचाही वाटा होता असं समजायचं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत गोव्याच्या गोळ्यांची अशी तपासणी झाली. काही मुंबई हायच्या तेलाशी जुळले, काही टँकरच्या धुवणाशी.

तळाच्या गाळात गुंता वाढतो. तिथे सांडलेलं तेल, धुराची काजळी, नाल्यातून आलेलं इंजिन ऑइल, सगळं एकत्र. इंजिन ऑइलमध्येही होपेन असतात, पेट्रोलमध्ये जवळजवळ नसतात.

मी फौजेत पुरवठ्याकडे होतो. इंधनाची खेप आली की नमुना बाटलीत, वर सील, वर चिठ्ठी. त्या सवयीतून सांगतो, ठसा जुळवायला दुसरा ठसा हाताशी लागतो. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ धडकली, तेव्हा जहाज डोळ्यांसमोर होतं. रात्री टाकी धुऊन निघून गेलेल्याचं काय? जहाजाच्या स्वतःच्या इंधनाचा नमुना किमान १२ महिने ठेवावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण तो गंधक तपासण्यासाठी. पोटातून वाहून नेलेल्या कच्च्या तेलाला तो लागू नाही. माझ्या मते आपल्या बंदरांनी तरी प्रत्येक टँकरची एक सीलबंद बाटली ठेवून घ्यावी. खर्च फार नाही. एक फळी आणि एक नोंदवही.