उन्हाळ्यातील मत्स्यपेटी

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हा घरातील मत्स्यपेटीचे पाणीही तापते आणि माशांवर दुहेरी संकट येते. कारण २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात, आणि नेमका त्याच वेळी माशांचा चयापचय, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवण्याची प्रक्रिया, वेगवान होऊन प्राणवायूची गरज वाढते. थंड पाण्यात रमणाऱ्या गोल्डफिशला हा ताण विशेष जाणवतो. मासे पृष्ठभागाशी येऊन सतत तोंडाची उघडझाप करू लागले, तर ते गुदमरत असल्याचे ओळखावे.

बाष्पीभवन होताना पाणी उष्णता गमावते, या तत्त्वावर माठ गार राहतो. त्याच तत्त्वानुसार पेटीचे झाकण काढून जाळी बसवावी आणि लहान पंख्याचा झोत पृष्ठभागावर आडवा सोडावा, म्हणजे तापमान साधारणतः दोन ते चार अंशांनी उतरते. कोकणच्या दमट हवेत मात्र हा परिणाम कमी मिळतो. घटलेले पाणी क्लोरीनमुक्त पाण्याने भरून काढावे, दिवे कमी वेळ लावावेत, एअर पंप अखंड चालू ठेवावा आणि बर्फ थेट टाकू नये, कारण तापमानातील आकस्मिक घट माशांच्या जिवावर बेतू शकते.