वायुसैनिकाच्या श्रमाचे मोल

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वायुदलातील सेवा हा विषय आपण मला दिलात, तेव्हा मी शौर्याविषयी बोलेन अशी आपल्यापैकी काहींची अपेक्षा असेल. शौर्याविषयी मला नितांत आदर आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना आपले छोटे नॅट विमान आकाशात नेणारे आणि शत्रूच्या सेबर विमानांशी झुंजता झुंजता वीरमरण पत्करणारे निर्मलजितसिंग सेखों हे वायुदलातील परमवीरचक्राचे आजवरचे एकमेव मानकरी आहेत. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि ते ठाऊक असलेच पाहिजे. परंतु त्या कडाक्याच्या थंडीत ते विमान उड्डाणासाठी सज्ज ठेवणाऱ्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. ज्या श्रमाचे नाव कोठे येत नाही, त्याचे मोल कोण आणि कसे ठरवितो, हा माझ्या विषयातील जुना प्रश्न आहे. आज मी तोच प्रश्न वायुदलापुढे ठेवणार आहे.

भारतीय वायुदलाची कायदेशीर स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली. तिचे बळ किती होते? चार वापिटी विमाने, सहा अधिकारी आणि एकोणीस ‘हवाई शिपाई’. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच उडणाऱ्या एका माणसामागे जमिनीवर राबणारी तीनहून अधिक माणसे होती. आज वायुदलाचे संख्याबळ लाखाच्या घरात आहे आणि अधिकारी त्याचा साधारण दहावा हिस्सा आहेत. त्या अधिकाऱ्यांतही सर्वच वैमानिक नसतात. उरलेले सारे इंजिनाचे कारागीर, रडार चालविणारे, शस्त्रे जोडणारे, संदेशवहन सांभाळणारे, भांडार व हिशेब पाहणारे लोक आहेत. वायुदल म्हणजे मुख्यत्वेकरून एक प्रचंड कार्यशाळा आहे, आणि या कार्यशाळेचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात आहे. वायुदलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपूरला आहे. नाशिकजवळच्या ओझर येथे लढाऊ विमाने बांधण्याचा कारखाना आहे आणि त्यांची संपूर्ण दुरुस्ती करणारा वायुदलाचा तळही आहे. विमान उडण्यापूर्वी ते तपासून जो तंत्रज्ञ नोंदवहीत सही करतो, त्याच्या त्या सहीवर वैमानिकाचा जीव अवलंबून असतो. ही सही चार दिवसांत करता येत नाही. ती अनुभवाची सही असते.

आता या श्रमाचा मालक कोण? राज्यसंस्था. खाजगी मालक नफ्यासाठी मजुरीत काटकसर करतो, हे आपण नेहमी सांगतो. राज्यसंस्थाही मालक म्हणून काटकसर करते, आणि तिची काटकसर कधी कधी फार महाग पडते. याचे उदाहरण वैमानिकांच्याच प्रशिक्षणाचे घ्या. मिग-२१ हे विमान १९६३ साली वायुदलात आले. अत्यंत वेगवान आणि उतरविण्यास अवघड असे ते विमान होते. मंदगतीच्या किरण विमानावर शिकलेला विशी-बाविशीतला तरुण तेथून थेट मिगवर जाई. मधली पायरीच नव्हती. १९८२ साली ला फॉन्टेन समितीने ही पायरी, म्हणजे प्रगत प्रशिक्षण-विमान, आवश्यक असल्याचे सांगितले. त्या विमानांचा करार झाला २००४ साली आणि हॉक विमाने बिदरच्या तळावर दाखल झाली २००८ साली. मधली सव्वीस वर्षे चर्चा, चाचण्या, किंमतीची घासाघीस आणि टोलवाटोलवी यांत गेली. २०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या चाळीस वर्षांत मिग जातीची ४८२ विमाने अपघातांत नष्ट झाली आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हे सारे अपघात प्रशिक्षण-विमान नसल्यामुळेच झाले असे म्हणणे चूक ठरेल. यंत्रातील दोष, पक्ष्यांची धडक, मानवी चूक अशी अनेक कारणे असतात. परंतु जी खरेदी पुढे ढकलली गेली, तिचा खर्च वाचला नाही. तो खर्च सरकारी वहीतून निघून कोवळ्या वैमानिकांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या खाती पडला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. हा खर्च मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिला गेलेला नाही.

यंत्राचा खर्च दिसतो आणि माणसाचा खर्च दिसत नाही, ही राज्यकर्त्यांची जुनी दृष्टी आहे. तिच्याविरुद्ध गणवेशातील माणसाने एकदा आवाज उठविला होता, आणि तोही याच ड्रिग रोडवर. जानेवारी १९४६ मध्ये तेथील ब्रिटिश वायुसैनिकांनी काम बंद केले. महायुद्ध संपून महिने लोटले तरी त्यांना घरी पाठविले जात नव्हते. अन्न आणि राहण्याची व्यवस्था यांविषयीही त्यांच्या तक्रारी होत्या. हा संप हिंदुस्थानातील इतर तळांवर आणि पुढे सिंगापूरपर्यंत पसरला. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौदलाच्या हिंदी खलाशांनी उठाव केला, तेव्हा हिंदी वायुसैनिकांनीही सहानुभूतीने काम थांबविले. खलाशांच्या उठावाचे स्मरण आपण करतो, वायुसैनिकांचे करीत नाही. त्या दोन महिन्यांत गोऱ्या आणि काळ्या, दोन्ही वायुसैनिकांनी एकच गोष्ट सांगितली होती : गणवेश चढविला म्हणून माणूस श्रमिक राहत नाही असे नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला. १९५० च्या वायुदल कायद्यान्वये वायुसैनिकाला कामगार संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही, परवानगीवाचून वृत्तपत्रात लिहिता येत नाही. ही बंधने सर्वस्वी अनाठायी आहेत असे मी म्हणणार नाही. सशस्त्र दलात शिस्त हवी, आणि बंदूक हाती असलेल्यांनी राजकारणापासून दूर राहणे लोकशाहीच्या हिताचे असते. परंतु या बंधनांचा एक तर्कशुद्ध परिणाम आपण विसरतो. ज्याने आपल्या मजुरीविषयी घासाघीस करण्याचा हक्क राष्ट्रासाठी सोडून दिला, त्याच्या वतीने ती घासाघीस करण्याचे कर्तव्य राष्ट्राकडे येते. संसद, वृत्तपत्रे आणि तुम्ही-आम्ही नागरिक हीच त्याची संघटना होय. ही संघटना झोपली तर त्याला दुसरे कोणी नाही.

या कसोटीवर आता अग्निपथ योजना घासून पाहू. १४ जून २०२२ रोजी ही योजना जाहीर झाली. तोपर्यंत वायुदलात भरती होणारा सैनिक प्रारंभी वीस वर्षांच्या सेवेचा करार करीत असे आणि पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनास पात्र होई. आता त्याला ‘अग्निवीरवायू’ म्हणून चार वर्षांसाठी घेतले जाते आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के लोकांना कायम केले जाते. पहिल्या वर्षी वेतन दरमहा ३०,००० रुपये, परंतु त्यातील ३० टक्के कापून सेवानिधीत जातात आणि हाती २१,००० येतात. चार वर्षांत त्याच्या वेतनातून कापलेले सुमारे ५.०२ लाख आणि सरकारने घातलेले तितकेच, अशी रक्कम व्याजासह सुमारे ११.७१ लाख होऊन त्याच्या हाती पडते. निवृत्तिवेतन नाही, उपदानही नाही. या ११.७१ लाखांचे मोठे कौतुक सांगितले जाते. त्यातील जवळजवळ अर्धी रक्कम त्याच्याच घामाची आहे, हे कौतुक सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. ही सारी रक्कम सात टक्क्यांनी गुंतविली असे धरले, तरी महिन्याकाठी ७,००० रुपयेही हाती येत नाहीत.

योजनेच्या समर्थकांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले गेले आणि त्यातील सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे होते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. हा भार खराच आहे, जरी त्यात खात्यातील मुलकी कर्मचाऱ्यांचाही वाटा असला तरी. सैन्य तरुण असावे, हेही म्हणणे समजण्यासारखे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये योजना वैध ठरविली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तेव्हा योजना कायदेशीर आहे, याविषयी वाद नाही. ती न्याय्य आहे काय आणि शहाणपणाची आहे काय, हे प्रश्न न्यायालयाचे नाहीत. ते आपले आहेत.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी त्यांचे उत्तर तीन मुद्द्यांत देतो.

पहिला मुद्दा असा की प्रशिक्षण ही गुंतवणूक असते आणि तिचे फळ पुढच्या वर्षांत मिळते. बेळगावजवळच्या सांबरा येथे मूलभूत प्रशिक्षण, त्यानंतर कामाचे तांत्रिक प्रशिक्षण, आणि हे सारे चार वर्षांच्या आतच. दरवर्षीची तीस दिवसांची रजा वेगळी. हे वजा केल्यावर प्रत्यक्ष विमानाजवळ उभे राहण्याचा काळ तो किती उरतो? पायदळातील तरुणपणाचा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. सुखोईचे इंजिन उघडणारा पस्तिशीचा कारागीर वीस वर्षांच्या मुलापेक्षा अधिक मोलाचा असतो. आंब्याचे झाड लावून मोहोर येण्याच्या सुमारास ते तोडायचे, या शेतीला आपण काटकसर म्हणणार काय?

दुसरा मुद्दा कौशल्याच्या स्वरूपाचा. काही कौशल्ये बाजारात कोठेही चालतात आणि काही एकाच मालकाकडे उपयोगी पडतात. लढाऊ विमानाच्या शस्त्रप्रणालीचे ज्ञान दुसऱ्या प्रकारचे आहे. नागरी विमानांच्या देखभालीसाठी वेगळा परवाना लागतो आणि सैनिकी अनुभवाने तो आपोआप मिळत नाही. अग्निवीरांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत दहा टक्के जागा राखून ठेवल्याचे २०२२ साली सांगितले गेले. परंतु ज्या हातांना राष्ट्राने जेट इंजिन शिकविले, त्याच हातांत पुढे पहारेकऱ्याची बंदूक देणे हा श्रमाचा आणि शिक्षणाचा दुहेरी अपव्यय आहे.

तिसरा मुद्दा निवृत्तिवेतनाचा. निवृत्तिवेतन म्हणजे मालकाने कनवाळूपणे दिलेले दान नव्हे. ती पुढे देण्यासाठी राखून ठेवलेली मजुरीच होय. सैनिक आपल्या उमेदीची वर्षे ज्या कामात घालवितो, त्या कामाचा बाहेर बाजार नाही, म्हणून ही मजुरी त्याला उत्तरायुष्यात दिली जाते. ती काढून टाकली की सरकारी वहीतील भार हलका दिसतो. भार नाहीसा होत नाही. तो पंचविशीच्या आतील तरुणाच्या आणि त्याच्या शेतकरी, शेतमजूर बापाच्या खांद्यावर सरकतो. मिगच्या कथेत जे घडले, तेच येथे वेगळ्या रूपात घडत आहे. अग्निवीराचा सेवेत मृत्यू झाला तर ४८ लाखांचा विमा आणि कर्तव्यावरील मृत्यूसाठी ४४ लाखांचे अनुदान मिळते, हे खरे. ही रक्कम लहान नाही. परंतु नियमित सैनिकाच्या विधवेला किंवा मातेला मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन त्याच्या घरच्यांना नाही. एकाच तळावर, एकाच कामात, एकाच स्फोटात दोघे गेले, तर मृत्यू त्यांच्यात भेद करीत नाही. सरकारी नियम मात्र करतो.

मित्रहो, हा प्रश्न तातडीचा आहे, कारण अग्निवीरवायूंच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सुरू झाले होते. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. चौघांतील एकाला आत ठेवून तिघांना दार दाखविण्याचा हा पहिला प्रसंग. एकत्र राहणाऱ्या, एकमेकांच्या कामावर विश्वास ठेवूनच जगू शकणाऱ्या तरुणांना चार वर्षे एकमेकांचे प्रतिस्पर्धी करून ठेवण्याने शिस्त वाढते की घटते, याचाही विचार व्हावा.

आपण मागणी काय करावी? नुसता निषेध पुरेसा नाही. वायुदलातील तांत्रिक कामांना चार वर्षांच्या अटीतून वगळावे. ज्याचे काम समाधानकारक आहे त्याला कायम करावे, टक्केवारीची भिंत घालू नये. जे बाहेर पडतील त्यांच्या प्रशिक्षणाला नागरी विमान व्यवसायात मान्यता मिळेल असा अभ्यासक्रम सेवाकाळातच सरकारी खर्चाने पूर्ण करून द्यावा. सेवेत मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या बरोबरीने वागवावे. आणि पहिल्या तुकडीचे पुढे काय झाले, किती जणांना कोणते काम कोणत्या वेतनावर मिळाले, याची श्वेतपत्रिका दरवर्षी संसदेपुढे ठेवावी. जी योजना संसदेत चर्चा न होताच अमलात आली, तिचा हिशेब तरी संसदेत व्हावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ तेजस विमानांसाठी ६२,००० कोटी रुपयांहून अधिक किंमतीचा करार झाला. देशी विमान बनावे, वायुदलाच्या बेचाळीस मंजूर तुकड्यांपैकी ज्या उणे आहेत त्या भराव्यात, यास माझा विरोध नाही. मी एवढेच विचारतो की या विमानांची देखभाल वीस-पंचवीस वर्षे कोण करणार आहे, आणि त्याला आपण किती वर्षांचा शब्द दिला आहे? विमानाच्या आयुष्याचा हिशेब करताना राज्यसंस्था पाव शतकापुढे पाहते. त्या विमानाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या आयुष्याचा हिशेब तिने चार वर्षांत मिटवू नये. तो माणूस स्वतः हे सांगू शकत नाही, कारण आपणच त्याला तसे न सांगण्याची शपथ दिली आहे. म्हणून ते आपण सांगावयाचे आहे : आपल्या तालुक्यातील सभांत, आपल्या आमदार-खासदारांना, आणि ज्या घरांतून ही मुले गेली त्या घरांच्या ओट्यावर बसून.