सॉल्ट लेक सिटी: डोंगरांची वाटी आणि वरचं झाकण

आज जाऊया अमेरिकेतल्या युटा राज्याच्या राजधानीत, सॉल्ट लेक सिटीत. लोकसंख्या साधारण २ लाख, उंची जवळपास १३०० मीटर. पूर्वेला वॉसॅचची रांग, पश्चिमेला ओकर डोंगर, वायव्येला खारं सरोवर आणि मधल्या खोऱ्यात शहर.

१८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली मॉर्मन लोक इथे आले आणि त्यांनी चौकटीत शहर आखलं. पत्ता कसा? '३०० साऊथ, ७०० ईस्ट'. म्हणजे टेंपल स्क्वेअरपासून तीन ब्लॉक दक्षिणेला, सात ब्लॉक पूर्वेला. शाळेत ग्राफ पेपरवर बिंदू काढायचो ना, अगदी तसंच! आणि आपल्या फील्डवाल्यांसाठी एक गोष्ट: १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या चार केंद्रांपैकी एक इथल्या युटा विद्यापीठात होतं.

आता मुद्द्यावर येतो. फोटोत इतकं सुंदर दिसणारं हे शहर हिवाळ्यात कधी कधी राखाडी धुरक्यात बुडतं. का?

एरवी वर जावं तशी हवा थंड होते. पण हिवाळ्यात जड, थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. याला म्हणतात इन्व्हर्जन. वाटीवर झाकण ठेवल्यासारखं! मग गाड्यांचा, घरं तापवण्याचा, कारखान्यांचा धूर आतच अडकतो. त्यात पीएम २.५ कण असतात, केसाच्या जाडीपेक्षा जवळपास तीसपट बारीक. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. गंमत बघा, त्याच दिवशी डोंगरावर स्कीइंग करणाऱ्यांच्या डोक्यावर मात्र लख्ख निळं आकाश! मोठं वादळ आलं की झाकण उडतं. तोवर वाट बघायची.

दुसरं संकट आहे सरोवराचं. ग्रेट सॉल्ट लेकमधून पाणी बाहेर वाहत नाही, फक्त वाफ होऊन जातं. येणाऱ्या नद्यांचं पाणी मधेच वळवलं जातं, जास्त करून शेतीसाठी, त्यातही गुरांच्या चाऱ्यासाठी. त्यात दुष्काळाची भर. २०२२ मध्ये पातळीने नोंदीतला नीचांक गाठला. उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे, आणि वारा ती शहराकडे आणू शकतो. म्हणजे हिवाळ्यात धूर, आणि कोरड्या दिवसांत धूळ.

उपाय नाहीत असं नाही. पूर्वी पाणी वापरलं नाही तर हक्क जायची भीती असायची. आता कायदा बदललाय, शेतकरी हक्क न गमावता पाणी सरोवरासाठी भाड्याने सोडू शकतो. पण खरंच किती जण सोडतील, यावर बरंच काही अवलंबून आहे. २००२ नंतर २०३४ मध्ये इथे पुन्हा हिवाळी ऑलिंपिक होणार आहे, तेव्हा जगाचं लक्ष असेलच.

आणि हो, तिथल्या कंपन्यांतून तुमच्यापैकी कुणाला ऑफर आली, तर पॅकेज आणि घरभाड्यासोबत जानेवारीतला हवेचा आकडाही बघा. विशेषतः घरात दम्याचं कुणी असेल तर.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात!