तुमचा वकील ज्यूरीपुढे उभा राहिलाय का?

इथे न्यू जर्सीत अपघातात दुखापत झाली, की आपण घराचे कागद केलेला ओळखीचा वकील गाठतो. पण खटला लढणारा वकील वेगळा. बहुतेक दावे तडजोडीत मिटतात, हे खरं. पण आपला वकील कोर्टाची पायरी चढणार नाही हे विमा कंपनीने ओळखलं, की ती रक्कम कमीच देऊ करते.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: ज्यूरीपुढे किती खटले चालवलेत? माझा खटला स्वतः चालवाल, की दुसऱ्याकडे सोपवाल? राज्याचं सर्वोच्च न्यायालय अनुभव आणि परीक्षा पाहून दिवाणी खटल्यांच्या वकिलांना प्रमाणपत्र देतं. ते आहे का?

विचारायला संकोच नको आणि उशीरही नको. अशा दाव्याला साधारण 2 वर्षांचीच मुदत असते. सांभाळून गाडी चालवा. नमस्कार.